जॅक काढून पुन्हा टाकायची गरज नाही
लिनक्सवर आवाज तुटतोय तर जॅक (रेकॉर्डिंगचा आवाज हाताळणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाका, असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो पटला नाही. 'ॲप्ट रिमूव्ह' या काढून टाकायच्या कमांडने फक्त प्रोग्राम जातो, सेटिंगच्या फायली राहतात. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खानापुरात आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करताना पखवाजाच्या थापेथापेला कटकट यायची. डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) जॅक टाकताना रिअलटाइम प्राधान्य, म्हणजे आवाजाच्या कामाला पहिला मान, हवं का असं विचारतात, तिथं मी घाईत 'नाही' दिलं होतं. 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जॅकडी२' ही कमांड तोच प्रश्न पुन्हा विचारते; ती चालवून 'हो' दिलं, मग स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घालायला 'सुडो यूजरमॉड -एजी ऑडिओ' आणि पुढं आपलं युजरनेम. यात ए लहान, जी मोठा. ए विसरलात तर आपण ज्या बाकीच्या ग्रुपमध्ये असतो ते जातात, ॲडमिनचे अधिकार देणारा सुडोसुद्धा! नंतर लॉगआउट करून परत लॉगिन करायचंच. त्या रात्री अख्खा अभंग सलग उतरला.