इनबोर्ड इंजिन हिवाळ्यासाठी बंद करतोय, ब्लॉकमधलं पाणी पूर्ण निघालं हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, बोट पाण्याबाहेर काढून ट्रेलरवर ठेवलीय आणि पुढच्या आठवड्यात रात्री पारा शून्याखाली जाणार, म्हणून जरा घाईत लिहितोय. इंजिन पेट्रोलचं, व्ही-एट, आणि कूलिंग थेट बाहेरच्या पाण्यावर, म्हणजे हीट एक्स्चेंजर वगैरे काही नाही, तळ्याचं पाणीच ब्लॉकमधून फिरून एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. आतापर्यंत मेकॅनिक करायचा, यंदा पहिल्यांदाच स्वतः हात घातलाय.

पेट्रोल खराब होऊ नये म्हणून टाकीत स्टॅबिलायझर टाकून इंजिन 15 मिनिटं चालवलं, गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदलला (जुन्या ऑइलमधलं अ‍ॅसिड हिवाळाभर बेअरिंगला लागून राहायला नको). इथपर्यंत सगळं नीट झालं.

गोंधळ झाला तो ड्रेन प्लगचा. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक आहे. डावीकडचा काढला तर भळाभळा पाणी आलं, उजवीकडचा काढला तर चार थेंब आणि बंद. मला वाटलं ही बाजू रिकामीच असेल, प्लग परत लावायलाच घेतला होता, पण मन मानेना म्हणून एक तार वाकवून भोकात घातली, दोनतीनदा ढोसली, तर गंजाचा खपला सुटला आणि तांबूस गढूळ पाण्याची धारच लागली. हातपाय गार पडले माझे. ते पाणी आत राहिलं असतं तर गोठताना साधारण 9 टक्के फुगलं असतं, आणि बिडाचा ब्लॉक त्यापुढे टिकत नाही, तडकतोच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनचा धूर गोळा करून बाहेर नेणारे भाग) दोन्ही प्लग आणि सर्क्युलेशन पंपाचा मोठा होज पण सोडला, तिथून नीट निघालं.

आता तार घातली तरी काही येत नाही, पण बोट नाकाकडे थोडी झुकलेली आहे, त्यामुळे पुढच्या कोपऱ्यात पाणी अडकलं असेल का?

दुसरं म्हणजे अँटीफ्रीझ. गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉल आणलंय. बरेच जण म्हणतात बादलीतून इंजिनला ओढू दे, एक्झॉस्टमधून गुलाबी आलं की काम झालं. मला हे अजिबात पटत नाहीये, कारण थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असेल तर ते ब्लॉकमध्ये न शिरता मॅनिफोल्डमधूनच बाहेर जाणार, आणि आत पाणी उरलेलं असेल तर त्यात पातळ होणार ते वेगळंच. शिवाय कॅनवरचा उणे 50 चा आकडा फॅरनहाइटमध्ये आहे आणि तोही पाइप न फुटण्याचा, बर्फाचा लगदा त्याच्या बराच आधी होतो. म्हणून प्लग लावून थर्मोस्टॅट काढायचा आणि वरच्या होजमधून हातानेच ओतायचं असं ठरवतोय. असं कुणी केलंय का? दोन्ही बाजू भरतात की हवा अडकते?

इम्पेलर (बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक) काढून ठेवलाय, पाती एका बाजूला वाकून बसली होती, वसंतात नवीनच घालेन. बॅटरी पूर्ण चार्ज करून काढलीय.

अपडेट: ट्रेलरचं नाक जॅकवर उचलून पाहिलं, उजव्या प्लगमधून आणखी अर्धा मग पाणी आलं!! म्हणजे शंका खरी होती. प्लग सध्या उघडेच ठेवलेत, ओतण्याबद्दल कुणीतरी अनुभवी माणसाने सांगितल्याशिवाय लावत नाही. प्लीज लवकर सांगा.