पांझराकाठी बसायचं तर आधी काय मागावं? (धुळे)

देवपूरची आजी:
देवपुरात राहून मला 37 वर्षं झाली. नदी घरापासून सात मिनिटांवर. पण काठावर माझं जाणं होतं ते चैत्र पौर्णिमेला एकवीरा देवीच्या यात्रेत, नाहीतर श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला. गेल्या खेपेला डोक्यावर कानबाई घेतलेल्या जावेचा पाय चिखलात सरकला. मागच्या दोघींनी धरलं म्हणून बरं.

मे महिन्यात घरात पंखासुद्धा गरम वारा फेकतो. नातवाला घेऊन साडेसहाला काठावर गेले. वारा छान होता. पण नाल्याच्या तोंडापाशी उभं राहवेना, पुढे बाभळीखाली बाटल्या घेऊन बसलेले चौघे, आणि सातनंतर अंधार, कारण ओळीने तीन खांब बंद. परत फिरलो. खरं सांगायचं तर या सगळ्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. मला शुगर आहे, तासाभरात लघवीला जावं लागतं आणि तिथे बाईमाणसाची काहीच सोय नाही. म्हणून माझ्या वयाच्या कितीजणी घरातच बसतात.

आम्ही 11 जणी अर्ज लिहितोय. बाग, कठडा, दिवे, शौचालय असं लिहिलंय. आधी काय मागावं?

पाटकरी, साक्री तालुका:
आजी, अर्जाआधी पूररेषेचा नकाशा बघायला मागा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत मैदान, बाग चालते, पक्कं बांधकाम नाही. म्हणजे शौचालय वर रस्त्याच्या कडेला मागावं लागेल, नाहीतर त्याच कारणाने अर्ज परत येईल.

पांझरा उन्हाळ्यात ओढ्यासारखी दिसते, त्यावरून फसू नका. ऑगस्ट 2019 मध्ये अक्कलपाडा धरणातून पाणी सुटलं तेव्हा धुळ्यातले पूल पाण्याखाली गेले होते. दगडी पायऱ्या मागा, त्या पुरात टिकतात. आणि पाणी सोडण्याआधी काठावर ऐकू जाईल असा भोंगा.

बोरीकाठ:
आमच्या अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रातच भरते. पाळणे, रसाची दुकानं, भांड्यांची दुकानं. तेवढे दिवस माझ्या बहिणी रात्री उशिरापर्यंत वाळूत बसतात, कुणाला भीती नाही. यात्रा उठली की त्याच जागी दिवसाही एकटी बाई जात नाही. जागा तीच, फरक फक्त दिव्यांचा आणि माणसांच्या वर्दळीचा. म्हणून चार हातगाड्यांना संध्याकाळी उभं राहू द्या, असंही लिहा. मक्याचं कणीस भाजणारी बाई जिथे बसते तिथे बाटलीवाले फार वेळ टिकत नाहीत, हे मी पाहिलंय.

मेहरूणवाला:
जळगावात गिरणा नदी शहराबाहेर, म्हणून आम्ही मेहरूण तलावावर फिरायला जातो. सकाळी बायका भरपूर असतात, अंधार पडला की कमी. दिवे वरच्या नंबरावर घ्या.

गोधडी:
आजी, तुम्हनं खरं शे. पण आम्ही गोधड्या धुवाले नदीवरच जातस. घरच्या नळाला तेवढं पाणी कुठलं? सलग कठडा लावला तर आम्ही उतरायचं कुठून? बसणाऱ्यांची सोय करताना आमची वाट बंद होऊ नये, एवढं बघा.

देवपूरची आजी:
गोधडीताई, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. कठड्याची ओळ खोडून 'जागोजागी उतरायला दगडी पायऱ्या' असं लिहिलं. कानबाईलाही त्याच कामाला येतील. शौचालय पहिलं, रस्त्याच्या बाजूला. मग दिवे, नाल्याचं पाणी वळवणं, भोंगा आणि हातगाड्या. बाग काढून टाकली, तिच्यावरच सगळा पैसा जाईल असं वाटलं. पाटकरीदादा, नकाशा बघायला उद्या दोघी जातोय. अर्ज सोमवारी देणार. पहिली सही जावेची आहे.