मदत हवी आहे: बाखच्या ऑर्गनमधला भाव नेमका कुठून येतो?

मंडळी, मी पेटीवाला माणूस, भजनाला साथ करतो, नोटेशन जेमतेम वाचता येतं. गेला महिनाभर जर्मन संगीतकार बाखचं 'इश रूफ त्सू दीर' (बीडब्ल्यूव्ही ६३९, म्हणजे बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) डोक्यातून जात नाहीये. तीनच आवाज, उजव्या हाताला चाल, डाव्या हाताला सलग वाहणारे सूर आणि पायाखाली एकसारखा चालणारा बेस, बस्स. देवाला मारलेली हाक आहे म्हणे, शब्द कळत नाहीत तरी गळा दाटतो.

जर्मन ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खा यांचं वादन ऐकतोय. विशीच्या आत दृष्टी गेली, मग कुणीतरी एकेक आवाज वेगळा वाजवून दाखवायचं आणि ते पाठ करायचे, असं करत बाखचं ऑर्गनसंगीत जवळपास सगळं मुखोद्गत! (मला एक अभंग धड पाठ होत नाही.)

आता घोळ असा की पेटीवर मी भाता कमीजास्त करून सूर फुगवतो, पण पाइप ऑर्गनची पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. मग हा माणूस रडवतो कशाने? दोन सुरांमधली ती बारीकशी फट, ती मुद्दाम ठेवतात ना? का स्टॉप (कुठले पाइप वाजायचे ते ठरवणाऱ्या खुंट्या) कुठले ओढले त्यावर आहे सगळं? वाल्खा तर भावना फार दाखवतही नाहीत, सरळ वाजवतात, तरीही.

कुणी चर्चमध्ये वाजवत असेल, गोव्यातलं किंवा बाहेरचं, तर प्लीज सांगा, ऐकताना लक्ष नेमकं कुठे ठेवू?