अनोळखी माणसाशी व्हिडिओवर गप्पा माराव्यात का? मी म्हणतो माराव्यात, पण हातात काहीतरी धरून

रात्रीची मोटर
रावेरकडे आमच्या फिडरला या आठवड्यात पंपाची थ्री फेज वीज रात्रीची आहे. ठिबकचा व्हॉल्व्ह बदलेपर्यंत केळीच्या बागेत बसून करायचं काय? म्हणून दोन वर्षांपासून अनोळखी लोकांशी व्हिडिओ चॅट करतो. आधी सगळे दोन सेकंदांत 'नेक्स्ट' दाबून पळायचे. 'हाय, कुठून?' म्हटलं की खेळ खलास.

एकदा कंटाळून कॅमेरा तोंडावरून काढला आणि बॅटरीच्या उजेडात एका घडाकडे फिरवला. समोर निघाला इक्वेडोरचा माणूस. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, त्याच्याकडे दुपारचा एक. इंग्रजी दोघांचंही जेमतेम. घड बघून गडी हसला, फोन घेऊन तसाच बाहेर गेला आणि निळी पिशवी घातलेला त्याचा घड दाखवला. मग बोटांवर फण्या मोजल्या. माझ्या नऊ, त्याच्या आठ. मी हरण्या रोग आलेलं पिवळ्या पट्ट्यांचं पान दाखवलं तर तो कितीतरी वेळ नुसती मान हलवत राहिला. जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करणारा देश, पण माणूस आपल्यासारखाच बाजारभावावर चिडलेला. चाळीस मिनिटं गेली. तेव्हापासून मी नाव-गाव विचारतच नाही. समोरच्याच्या मागं जे दिसतं, त्यावरच बोलणं काढतो.

फैजपूरची ताई
भाऊ, पुरुष आहात म्हणून हे लिहू शकलात. होस्टेलवर आम्ही चौघींनी मिळून ओमेगल, म्हणजे अनोळखी लोकांशी गप्पांची साइट, उघडलं होतं. दहा मिनिटांत लॅपटॉप धाडकन मिटला. हातात काय धरावं ते तुम्ही सांगताय, पण समोरचा काय धरून बसलाय त्याचं काय?

ते ओमेगल 2009 मध्ये एका 18 वर्षांच्या पोरानं काढलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये त्यानंच बंद केलं. अकराव्या वर्षी तिथं एका नराधमाशी गाठ घालून दिली गेली, अशी एका मुलीची कोर्टात केस होती. तडजोड झाली आणि दुकान मिटलं. आता तशीच दुसरी पन्नास आहेत.

धुळेकर
ताईंना अनुमोदन. आमच्या मार्केटमधल्या एका दुकानदाराला असाच कॉल आला. पोरगी गोड बोलली, यानं शर्ट काढला, तिकडं रेकॉर्डिंग झालं. मग धमक्या. तीनदा पैसे पाठवले त्यानं, चौथ्यांदा बायकोला सांगितलं. बायको शहाणी, तिनं आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावला आणि नवऱ्याकडे नंतर बघितलं.

जंक्शनवाला
मी भुसावळचा, वडील रेल्वेत होते. अनोळखी माणसाशी बोलायला आम्हाला कोणी शिकवू नये! पण डब्यात समोरच्याला 'नेक्स्ट' करता येत नाही हो. तो मनमाडपर्यंत समोरच बसणार. त्याची मतं ऐकून घ्यावी लागतात, भरीत-भाकरी सोडली की त्याला 'घ्या' म्हणावं लागतं, आणि चार माणसं बघत असतात म्हणून जीभही सांभाळावी लागते. बोलणं जमतं ते त्यामुळे. तुमच्या व्हिडिओवर सुटका फार स्वस्त आहे.

रात्रीची मोटर
@जंक्शनवाला, मान्य. पण सुटका स्वस्त आहे म्हणून तर जो थांबतो तो मनापासून थांबतो. डब्यातला माणूस जागा सोडता येत नाही म्हणूनही 'हो हो' करतो.
@धुळेकर, तोंड दाखवायचं नाही, नंबर द्यायचा नाही, दुसऱ्या ॲपवर बोलावलं की बंद करायचं. शर्ट तर थंडीच काढू देत नाही.

नंदुरबारी
भो, इक्वेडोरना माणूससंगे चाळीस मिनिटं बोलस, आन बांधवरला भाऊबंदसंगे बोलस का?

रात्रीची मोटर
नाही. त्याच्याशी वकिलामार्फत बोलतो. पुढची तारीख दिवाळीनंतर.

फैजपूरची ताई
विनोद पुरे. माझी मुलगी पाचवीत आहे, सुट्टीत मोबाइल मागते. तिला तुमचा हा इक्वेडोरचा किस्सा वाचायला देऊ का? खरं सांगा.

रात्रीची मोटर
नका देऊ, ताई. पुतण्या रोज बागेत येतो माझ्याबरोबर, पण त्याच्यादेखत मीही ते ॲप उघडत नाही. थांबा, व्हॉल्व्ह बदलून येतो.