आधी उलट, मग सुलट जाणारं यंत्र: कंट्रोलर बदलायचा की यंत्रच?

गोंदरेघ (धागा सुरू करणारा):
आमच्या पॅकिंग मशीनवर सव्वा मीटरचा ॲल्युमिनियमचा हात आहे. वेग हवा म्हणून मुद्दाम हलका केलेला. मुळाशी मोटर, टोकाला गोंदाची नोझल. खालून पट्ट्यावर खोकी जातात, त्यांची शिवण थोडी वाकडी येते, ती एक कॅमेरा बघतो आणि नोझलने बरोबर तिच्यावरून चालायचं असतं. मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या एन्कोडरचा फीडबॅक घेतला की मोटर गुणी वागते, पण टोक डुलत राहतं. म्हणून सेन्सर टोकाला लावला. तेव्हापासून दोन महिने गेन (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं ते) वर-खाली करतोय. वाढवला की हात थरथरतो, कमी केला की शिवण सुटते.

कारण आता कळलंय. मोटरने मुळाला डावीकडे झटका दिला की लवचीक हाताचं टोक आधी किंचित उजवीकडे जातं, मग डावीकडे येतं. हेच नॉन-मिनिमम फेज. गणिताच्या भाषेत उजव्या अर्ध्या पातळीतला झीरो, म्हणजे यंत्राच्या समीकरणातून येणारा असा आकडा की ज्याच्यामुळे यंत्र आधी उलट जातं. फीडबॅकने पोल (यंत्र किती लवकर स्थिरावतं किंवा कोसळतं ते ठरवणारे आकडे) हलवता येतात, झीरो जागचा हलत नाही. कंट्रोलरमध्ये झीरोच्याच जागी पोल घालून तो खोडायला गेलं तर बाहेर टोक सुतासारखं सरळ दिसतं आणि आत मोटरची हालचाल बेफाम वाढत जाते.

माझं मत स्पष्ट आहे: अशा यंत्राला कंट्रोलर हे औषधच नाही. हात आखूड करा, जाड करा, नाहीतर दोन नोझल लावा. सॉफ्टवेअरवाल्यांचे महिने त्यात घालू नका.

पाणचक्की:
अजिबात पटलं नाही. माझी सगळी नोकरी जलविद्युत केंद्रात गेली. तिथे रोज हेच असतं. मागणी वाढली म्हणून टर्बाइनचं गेट झटकन उघडलं, तर धरणातून टर्बाइनकडे येणाऱ्या लांब नळातला पाण्याचा प्रचंड स्तंभ लगेच वेग घेत नाही. गेटपाशी दाब पडतो आणि वीज वाढण्याऐवजी आधी कमी होते. आदर्श टर्बाइनच्या हिशोबात गेट १ टक्का उघडलं तर निर्मिती पहिल्या क्षणी २ टक्क्यांनी घसरते, आणि शेवटी १ टक्का वर जाऊन स्थिरावते. आता नळ आखूड करायला डोंगर हलवणार का? आम्ही गव्हर्नरला (गेट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या नियंत्रकाला) तात्पुरता ड्रूप देतो. पहिले काही सेकंद तो हात आखडता घेतो, पाण्याने वेग धरला की पूर्ण जोर लावतो. मोठमोठ्या ग्रिड याच्या भरवशावर चालल्या आहेत.

गोंदरेघ:
साहेब, अनुभव मान्य. पण कोयनेच्या बोगद्याला सर्ज वेल (पाणी वर चढायला जागा देणारी विहीर) कशासाठी खोदली? गेट बंद होताना येणारा पाण्याचा दणका सोसायला, आणि टर्बाइनच्या मागचा पाण्याचा स्तंभ हिशोबापुरता आखूड करायलाही. म्हणजे आधी यंत्र बदललं, मग गव्हर्नरचं भागलं. शिवाय तुमचा उपाय म्हणजे सावकाश जाणं. माझ्या पट्ट्याला सावकाश परवडत नाही.

हँडलबार:
दोष, औषध हे शब्दच मला खटकतात. रिकाम्या रस्त्यावर, चांगल्या वेगात, मोटरसायकलची उजवी मूठ हलकेच पुढे ढकलून बघा. चाक क्षणभर डावीकडे वळतं, गाडी उजवीकडे झुकते आणि उजवीकडे जाते. आधी डावीकडे गेल्याशिवाय उजवीकडे वळताच येत नाही. शरीर हे न सांगता शिकतं. हे काढून टाकलं तर दुचाकी उरतच नाही.

रात्रपाळी:
दुचाकीचंच निघालं म्हणून सांगतो. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने मागच्या चाकाने वळणारी मोटरसायकल बनवून घेतली होती. कागदावर ती जास्त सुरक्षित वाटत होती. प्रत्यक्षात ती कोणालाच चालवता आली नाही. गाडी पडते किती लवकर हे पोल सांगतो, आणि उलट जाणं किती आड येतं हे झीरो. दोन्ही जवळ आले की ना माणसाचा मेंदू पुरतो, ना कॉम्प्युटर. तेव्हा मी धागाकर्त्याच्या बाजूने. वळणारं चाक मागून पुढे नेणं हाच उपाय होता.

अर्धपातळी:
रात्रपाळी, ती गाडी मुळात अस्थिर होती. गोंदरेघ यांचा हात तसा नाही, दोन्ही एका मापाने मोजू नका. १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या कॅनन आणि श्मिट्झ यांनी अशाच लवचीक हातावर टोकाचा फीडबॅक चालवून दाखवला आहे.

मात्र किंमत मोजावी लागते, आणि ती नेमकी काढता येते. यंत्र रेषीय धरा (हुकूम दुप्पट तर हालचालही दुप्पट), झीरो सेकंदाला १ रेडियनवर धरा. ३ सेकंदांत जागेवर पोचायचं तर उलट उडी उद्दिष्टाच्या किमान ५ टक्के. १ सेकंदात पोचायचं तर ५८ टक्के. अर्ध्या सेकंदात, १५४ टक्के! कंट्रोलर कितीही भारी असो, यातून सुटका नाही. पाणचक्की साहेबांचा गव्हर्नर नेमका याच कारणाने धीर धरतो.

पण या हिशोबात एक अट दडलेली आहे: हुकूम मिळेपर्यंत यंत्र स्वस्थ बसलेलं असतं. पुढचा मार्ग आधीच माहीत असेल तर ती अटच गळून पडते. मोटर आधीपासून हलू लागते, हात आतल्या आत वाकतो, टोक मात्र जागेवर राहतं, आणि वेळ आली की उलट न जाता थेट निघतं. तोमिझुका यांनी १९८७ मध्ये आणि देवसिया, चेन, पेडन यांनी १९९६ मध्ये याच्या रीती मांडल्या. गोंदरेघ, तुमचा कॅमेरा शिवण किती आधी पाहतो?

गोंदरेघ:
खोकी येतात त्या बाजूला, नोझलपासून ६ सेंटीमीटरवर आहे. पट्टा सेकंदाला ६० सेंटीमीटर. झीरो मोजला होता, सेकंदाला २० रेडियनच्या आसपास.

अर्धपातळी:
म्हणजे तुम्हाला दशांश सेकंदच आधी कळतं. आधी हलायला मिळणारा वेळ इतकाच असेल तर चुकीचा न सुटणारा वाटा ढोबळमानाने १३ टक्के राहतो. कॅमेरा १५ सेंटीमीटरवर न्या, पाव सेकंद मिळेल, आणि तोच वाटा १ टक्क्याच्या खाली येईल. हात कापायची गरज नाही.

गोंदरेघ:
दोन महिने मी गेनच्या नॉबकडे बघत होतो, कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटकडे बघितलंच नाही. ‘औषधच नाही’ हे वाक्य मागे घेतो. बदल शेवटी लोखंडातच करावा लागतोय, त्या मतावर मी ठाम आहे. पण हात तोच राहणार. नवं ब्रॅकेट सोमवारी कापायला टाकतो.

पाणचक्की:
ब्रॅकेटला लांब खाच ठेवा. उद्या कोणी पट्ट्याचा वेग दुप्पट केला की तुमचा पाव सेकंद अर्धा होईल, आणि कॅमेरा ३० सेंटीमीटरवर न्यावा लागेल.