भुताच्या वाड्यात ध्वनीचा तास: कौतुक करून झालं असेल तर थोडं बोलू

अडसर
परवा 'चिंचेखालची' यांनी, म्हणजे शाळेच्या बाईंनीच, इथे लिहिलं होतं. सातवीची बावीस पोरं घेऊन बाई आमच्या गावातल्या बंद वाड्यात शिरल्या, माडीच्या खिडक्या लावून घेतल्या, टॉर्च विझवायला लावले आणि ध्वनीचा धडा तिथे घेतला. 'भूत पळालं, विज्ञान उरलं' असा शेवट. खाली बदामांचा पाऊस. मी तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

त्या बाविसांत माझी पुतणी होती. तीन रात्री झाल्या, आजीच्या कुशीतून हलत नाही. भूत वाड्यातून पळालं असेल, पण आलंय आमच्याकडे.

आधी वाडा. माडीच्या कडीपाटाला वाळवी, जिन्याची चौथी पायरी नाहीच, देवडीत दरवर्षी आग्यामोहोळ. वाईकडचा पाऊस वर्षानुवर्षं प्यायलेलं लाकूड आहे ते. मी स्वतः तिथे एकटा जात नाही, आणि ते भुतामुळे नव्हे.

मग विज्ञान. बाई लिहितात, 'चौकात टाळी वाजवली आणि मुलांनी प्रतिध्वनी ऐकला.' चौक आहे नऊ मीटरचा. टाळी समोरच्या भिंतीला लागून परत यायला अठरा मीटर, म्हणजे सेकंदाचा जेमतेम विसावा भाग. दोन आवाज वेगळे कळायला कानाला दहावा भाग लागतो, म्हणून तर पुस्तकात सतरा मीटरची अट असते. पोरांनी ऐकला तो निनाद, मूळ आवाजातच मिसळून लांबलेला. वर 'एकोणीस हर्ट्झच्या आवाजाने भूत दिसतं हे सिद्ध झालंय' असंही ठोकून दिलंय. कुठे झालं सिद्ध?

आणि अंधार कशाला? मी सात वर्षांचा असताना चुलत्यांनी गंमत म्हणून मला बळदात कोंडलं होतं. धान्य ओतायचं भोक तेवढं उजेडाचं, आणि माझाच श्वास चारी बाजूंनी माझ्या अंगावर येत होता. पाच मिनिटं असतील फार तर. पस्तिशीपर्यंत मी दिवा लावून झोपायचो. घाबरलेलं पोर कान देऊन ऐकत नसतं, ते बाहेर पडायची वाट बघत असतं. ध्वनी शिकवायला शाळेचा रिकामा हॉल आणि दोन चटया पुरतात.

खारीक
एक नंबर. हल्ली कशाचाही 'उपक्रम' होतो. आमच्या तालुक्यात गुरुजी निम्मा दिवस लिंक भरतात आणि उरलेला निम्मा उपक्रमाचे फोटो वर पाठवतात. पाढे विचारा पोरांना, सतराचा येत नाही. एवढीच हौस असेल तर विजापूरला गोलघुमटात न्या की. तिथे कुजबुजलेलं गॅलरीच्या पार पलीकडे ऐकू येतं, भुताची गरज नाही.

रात्रपाळी
अडसरराव, बळदाचं वाचून वाईट वाटलं. पण पोराला कोंडणारे चुलते आणि पोरांसोबत आत जाणाऱ्या बाई एका मापात कशा तोलता?

माझं सांगतो. एमआयडीसीत रात्रपाळीला लागलो तेव्हा शेडमध्ये दोनच्या सुमाराला 'टण्ण' व्हायचं. मग दूर कुठेतरी पुन्हा 'टण्ण'. माझ्या आधीचा वॉचमन त्याच भीतीने सोडून गेला होता. मी महिनाभर खिशात अंगारा घेऊन फिरलो. शेवटी एका फिटरने सांगितलं, अरे, दिवसभर तापलेला पत्रा रात्री आकसतो, बोल्टपाशी अडकतो आणि सुटताना वाजतो. एवढंच! हे कोणी सातवीत दाखवलं असतं तर महिन्याची झोप वाचली असती. शाळेच्या हॉलात हे कसं दाखवणार, पत्रा तापवून?

चिंचेखालची
आता माझं ऐका. सगळ्या पालकांच्या सह्या आहेत, तुमच्या वहिनींचीही. जिन्याला आदल्या दिवशी सुताराने फळी ठोकली आणि तो पूर्ण वेळ आमच्याबरोबर होता. मोहोळ सध्या नाही. हे मी लिहिलं नव्हतं, कारण ते वाचायला कोणी थांबत नाही.

माडीवर 'रडणारी बाई' आहे हे गावात सगळ्यांना माहीत. मी पोरांना एवढंच सांगितलं की बोलायचं नाही, आवाज येईल तिकडे बोट करायचं. अंधार दोन मिनिटं, घड्याळ लावून. पहिल्यांदा टॉर्च लावला तर जितकी बोटं तितक्या दिशांना. मग एक कान दाबून पुन्हा, मग दोन्ही कान उघडे ठेवून आणि मान हळूहळू फिरवत. तिसऱ्या वेळी बहुतेक बोटं मागच्या खोलीच्या दाराकडे. त्या दाराला बिजागऱ्या नाहीत, लाकडी खुंट दगडाच्या खळग्यात फिरतो. फटीतून वारा आला की दार बोटभर हलतं, खुंट अडकतो, सुटतो, अडकतो, सुटतो आणि त्याचा 'ऊंऽऽ' होतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेच. एका पोरीने दप्तरातून खोबरेलाची बाटली काढली, चार थेंब सोडले आणि बाई रडायची थांबली.

ती पोरगी कोण, ते घरी विचारा.

मग तुळईच्या एका टोकाला कान लावून दुसऱ्या टोकाला नखाने खरवडायला लावलं. हवेतून काही नाही, लाकडातून खरर्र. कान लावलेलं पोर दचकून मागे सरलं. हा धडा चटईवर बसून होतो?

चौकातला निनाद, मान्य. घाईत प्रतिध्वनी लिहिलं. पण खरा प्रतिध्वनीही ऐकला आम्ही, वाड्यामागच्या खळ्यात. पलीकडे सोसायटीच्या गोदामाची भिंत आहे. टेपने पन्नास मीटर मोजले आणि प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडेल अशी लय धरली, म्हणजे दोन टाळ्यांमधल्या वेळात आवाज पन्नास मीटर चार वेळा कापेल. वीस टाळ्यांना ११.१ सेकंद. ४ × ५० × २० भागिले ११.१, आवाजाचा वेग आला सेकंदाला ३६० मीटर. पुस्तकात ३४३. कोण चुकलं यावर पोरं परत येईपर्यंत भांडत होती.

अडसर
वीस टाळ्यांमध्ये मोकळ्या जागा एकोणीसच असतात बाई. कुंपणाला वीस खांब रोवले तर गाळे एकोणीस. १९ घालून बघा.

चिंचेखालची
३४२.

बरं. सोमवारी फळ्यावर लिहीन. 'एका नाराज पालकाने शोधून दिलं' असंही लिहीन.

कंपनसंख्या
ध्वनिमुद्रणात हयात गेली, म्हणून थोडं बोलतो.

एकोणीस हर्ट्झची गोष्ट इंग्लंडमधली. विक टॅन्डी नावाच्या इंजिनिअरला प्रयोगशाळेत रात्री अस्वस्थ व्हायचं, एकदा डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं. शोधता शोधता नवा बसवलेला पंखा सापडला, साधारण १९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा अवश्राव्य ध्वनी सोडणारा. १९९८ साली त्याने ते छापलं. गोष्ट झकास आहे, पण एका माणसाचा अनुभव म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे. तिथे अडसर बरोबर. शिवाय १९ हर्ट्झची लहर अठरा मीटरची. तिची अर्धी लांबी तुमच्या चौकात चपखल बसते हे खरं, पण चौक वरून उघडा. लहर टिकणार कशी?

आता अडसरांच्या दोन चटया. हार्वर्डमध्ये १८९५ च्या सुमाराला सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक व्याख्यानाची खोली सुधारायला सांगितली होती. निनाद इतका की बोललेलं कळेना. हा गडी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचा. दोन चटयांत त्याचं काही भागलं नसतं. आणि हे सगळं तो मध्यरात्रीनंतर करायचा, कारण दिवसा रस्त्याची गडबड. अंधाराचं काय म्हणत होतात?

अडसर
सबाइन सातवीत नव्हता.

खारीक
विजापूरबद्दल कोणीच बोललं नाही.

पाटावरचं_पाणी
आवो खारीक, इथनं विजापूरची यष्टी पोरांस्नी परवडंल व्हय? लांब कशाला जाताय, मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा हाय, नीट राखलेला. घाटावर वसईहून आणलेली घंटा हाय. टोल दिला की हात लावून बघा, आवाज सरल्यावर बी धातू हाताला गुणगुणत असतोय.

पण बाईंनी वाडा उघडला ते बरं झालं. धा वर्सं कुलूप हाय, कौलं फुटत्यात, भाऊबंद मुंबईत बसून भांडत्यात.

सातबारा
'भाऊबंद' म्हणजे आम्ही. डोंबिवलीहून लिहितोय. कुलूप कोणाच्या परवानगीने उघडलं हे बाई सांगतील का? वाडा सामाईक आहे. सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. एखाद्या पोराच्या डोक्यात तुळई पडली असती तर केस माझ्यावर झाली असती.

रात्रपाळी
गावठाणातल्या घराला सातबारा नसतो हो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. आयडी बदला आधी.

सातबारा
तुमच्या माहितीसाठी, आमच्या परसाची जमीन सातबाऱ्यावरच आहे. ड्रोनने मोजणी झाली तेव्हा थोरल्या पातीने एकट्याचं नाव लावायचा घाट घातला होता. किल्ली त्यांच्याकडे राहिली ती पूजेसाठी म्हणून. पूजा बंद होऊन बारा वर्षं झाली, किल्ली काही परत येत नाही. आता शाळेला वाटायला लागले.

धाकटी_पाती
दादा, किल्ली मी दिली. पुण्याहून जाऊन दिली. थोरल्यांकडून मीच मागून घेतली होती, आणि तुझ्या व्हॉट्सॅपवर दोनदा कळवलं होतं. निळ्या टिका आहेत.

सातबारा
निळ्या टिका म्हणजे संमती नव्हे.

पाटावरचं_पाणी
घ्या, सुरू झालं बगा.

खारीक
माझ्या आजोळच्या घराचंही हेच. चार मामा, एक न्हाणीघर. अठरा वर्षं दावा चालू. घर पडलं, दावा उभा आहे.

धाकटी_पाती
दादाशी मी फोनवर बोलेन. बाईंना मात्र एक विचारायचं आहे. मागच्या खोलीच्या त्या दाराला कडी कुठल्या बाजूने आहे, ते कोणी पाहिलं का?

बाहेरून आहे. गावाची ती 'रडणारी बाई' म्हणजे आमची आजेचुलती. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि ती त्या खोलीत राहिली ती मरेपर्यंत. रात्री कडी लागायची. माझ्या आजीने तिला पाहिलं होतं, आवाजही ऐकला होता. दार आवाज करतं हे खरंच असेल. पण 'बाई म्हणजे दार' हे पोरांच्या डोक्यात पक्कं झालं, तर आमच्या घरातल्या सगळ्यांची सोयच झाली की.

रात्रपाळी
हे धाग्यात कुठे बसतं कळत नाही, पण वाचून थांबलो.

चिंचेखालची
कडी पाहिली मी. एका पोराने विचारलंही, 'बाई, ही बाहेरून का?' ध्वनीचा तास होता म्हणून मी 'नंतर सांगते' म्हटलं. सांगितलं नाही अजून.

कंपनसंख्या
सांगाल तेव्हा दिवे लावून सांगा.

अडसर
घरी विचारलं. तेल घालणारी आमचीच होती. आणि ती आजीजवळ झोपते ते भीतीने नव्हे म्हणे. आजीला त्या बाईची गोष्ट माहीत आहे आणि ती रोज थोडी थोडी सांगते. तीन रात्रीत अर्धीच झाली आहे. मला घरात कोणी काही सांगत नाही हे यानिमित्ताने पुन्हा कळलं.

तर माझं 'भूत घरी आलं' हे वाक्य मागे. बाकीचं एकही नाही. कडीपाट कुजका आहे तो आहेच, आणि दोन मिनिटांचा का असेना, अंधार प्रत्येक पोराला सारखा नसतो. एखाद्याने हात वर केला तर त्याला बाहेर अंगणात थांबायची मुभा होती का, हे बाईंनी अजून सांगितलेलं नाही.

चिंचेखालची
होती. दोघं थांबले. त्यांनी बाहेरून ऐकून आम्हाला सांगितलं की आतलं रडणं अंगणात ऐकूच येत नाही. जाड मातीच्या भिंती.

अडसर
पोस्टमध्ये लिहायचं ना हे.

धाकटी_पाती
अंगणात ऐकू येत नाही. हे आजीही म्हणायची.

सातबारा
सगळं वाचलं. भावना समजू शकतो. पण मागची खोली वाटणीत आमच्या हिश्श्याला येते हे वडिलांच्या हाताने लिहिलेल्या कागदावर आहे. तेव्हा त्या दाराला तेल घालताना निदान एक फोन करायला हवा होता.