मुलाच्या नडगीतल्या गाठीसाठी आरएफए (सुईने गाठ आतून जाळणं) करून घ्यावं का? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. दिवाळीपासून त्याची उजवी नडगी रात्री दुखते. दिवसा खो-खो खेळतो, सायकलवर शाळेत जातो आणि रात्री एक-दोनला रडत उठतो. पहिल्या डॉक्टरांनी वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून सोडून दिलं, आणि आम्ही तीन महिने तेल चोळत बसलो. त्याची खंत जात नाही. वाढीचं दुखणं सहसा दोन्ही पायांत असतं. हा तर दर वेळी एकाच जागी बोट ठेवायचा.

आयबुप्रोफेन दिली की अर्ध्या तासात झोपतो. दुसऱ्या डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं, "गोळीने थांबतं का?" आणि सीटी स्कॅन करायला सांगितला. निदान झालं ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, म्हणजे हाडातली लहानशी गाठ. स्कॅनमध्ये जाड झालेल्या हाडात ७ मिमीचा काळा ठिपका, लहान हरभऱ्याएवढा, आणि मधोमध पांढरा कण. कॅन्सर नाही, पुढे होतही नाही, हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा नीट जेवले.

आता उपचार. एक तर हाड उघडून ती जागा काढायची. म्हणजे मोठी जखम, हाड कमकुवत, बरेच दिवस कुबड्या. दुसरा मार्ग रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशन, म्हणजेच आरएफए. सीटीवर बघत सुई त्या ठिपक्यात घालतात, टोकातून विद्युतप्रवाह सोडतात आणि साधारण ९० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवतात. ६० अंशांच्या वर पेशीतली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोठतात, पेशी तिथेच मरतात. शंभरच्या वर मात्र जाऊ देत नाहीत, कारण टोकाभोवती करपलं की उष्णता पुढे पसरत नाही. प्रवाहाला वाट मिळावी म्हणून मांडीला पॅड चिकटवतात. भूल लागतेच, त्या ठिपक्याला सुई लागली की फार दुखतं म्हणे.

सासूबाईंनी विचारलं, "आमच्याकडे बिब्ब्याने डागायचे, तसंच का गं?" मी म्हटलं, आई, बिब्बा वरची कातडी जाळतो, हे आतलं तेवढंच जाळतं.

पण माझी भीती तिथेच आहे. ठिपका नडगीच्या पुढच्या बाजूला आहे, तिथे हाडावर जवळजवळ कातडीच. कोणाच्या मुलाची त्वचा भाजली का? त्यासाठी डॉक्टरांनी काय काळजी घेतली? दुसरं, ही जागा गुडघ्याजवळच्या ग्रोथ प्लेटपासून (हाड जिथून वाढतं तो भाग) साधारण दोन सेंमीवर आहे. वाढत्या वयात एवढं अंतर पुरेसं असतं का? या जागी कोणी करून घेतलं असेल तर जरूर सांगा.

हे काम सहसा हाडाचे डॉक्टर नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर बघत सुईने उपचार करणारे डॉक्टर) करतात. नाशिकमध्ये कोणी करून घेतलंय का? नसेल तर पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठू, त्याचं काही नाही. फक्त त्याच दिवशी घरी सोडतात म्हणतात, तर कसारा घाटातून गाडीने पाय हलवत आणावं की एक रात्र मुंबईत राहावं?

एकदा केल्यावर पुन्हा दुखायला लागलं असं कोणाचं झालंय का? झालं असेल तर किती महिन्यांनी?

गुरुवारी डॉक्टरांना होकार-नकार कळवायचा आहे. आज रात्रीची गोळी आत्ताच दिली.